दिसत नसलेली घट: सिंधुदुर्गातल्या एका एमएस्सी प्रकल्पाने मांडलेला आर्क्टिक ओझोनचा हिशोब

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाचे छोटे पदव्युत्तर केंद्र आहे. दुसऱ्या वर्षाला प्रकल्प असतो आणि तो बहुधा थिन फिल्मवर, म्हणजे पदार्थांच्या अतिपातळ थरांवर असतो. मार्गदर्शकांची पीएचडी थिन फिल्ममधली, प्रयोगशाळेतली भट्टी थिन फिल्मची, कपाटातले जुने रिपोर्टही थिन फिल्मचेच. त्या वर्षी मात्र दोघा विद्यार्थ्यांनी वेगळाच विषय मागितला. २०१९-२० च्या हिवाळ्यात उत्तर ध्रुवावरच्या स्थितांबरात, म्हणजे ओझोनचा थर असलेल्या वरच्या वातावरणात, ओझोन किती नष्ट झाला, ते त्यांना स्वतः काढून बघायचे होते. मुलगी देवगडकडच्या आंबा बागायतदाराच्या घरची, मुलगा मालवणकडच्या रापणकर कुटुंबातला. ओळख पटेल असे बाकीचे तपशील मी गाळले आहेत. माझा संबंध एवढाच, की या केंद्रात मी पूर्वी शिकवत असे आणि मार्गदर्शक सरांनी मसुदे वाचायला माझ्याकडे पाठवले.

विषय निघाला तो १६ सप्टेंबरच्या ओझोन दिनामुळे. दरवर्षीप्रमाणे जिन्यात भित्तीपत्रके लागली होती. एकावर लिहिले होते, की १२ मार्च २०२० रोजी आर्क्टिकवर ओझोनने २०५ डॉब्सन एककांचा (डॉब्सन एकक हे डोक्यावरच्या एकूण ओझोनचे माप) नीचांक गाठला; आकड्यापुढे "ऱ्हास" असा शब्द होता. मुलाने सहज आपल्या किनाऱ्यावरचा आकडा शोधला. तो साधारण २५० ते २८० च्या दरम्यान निघाला. त्याने सरांना विचारले, "सर, आपल्याकडे पण फार नाहीये की. मग आपल्या डोक्यावर अर्धं भोक आहे असं का नाही म्हणत?"

प्रश्न भाबडा वाटतो, पण अख्खा प्रकल्प त्यातूनच उभा राहिला. ओझोन मुख्यतः विषुववृत्ताच्या वरच्या स्थितांबरात सूर्यप्रकाशाने तयार होतो, पण तिथे साठून राहत नाही. तिथली हवा वर चढते आणि ध्रुवांकडे वाहत जाते. ब्रूअर-डॉब्सन अभिसरण म्हणतात ते हेच. हे वहन हिवाळ्यात जोरात असते, म्हणून हिवाळा संपताना आर्क्टिकवर ओझोनची रास लागते. तिथे मार्चमध्ये ४०० डॉब्सन एककांच्या पुढचे आकडे नेहमीचे, आणि संपूर्ण आर्क्टिकमधली सर्वात कमी नोंद घेतली तरी ती एरवी २४० च्या आसपास असते. म्हणजे कोकणावरचे २६० ही आपल्या अक्षांशाची रोजची स्थिती आहे आणि आर्क्टिकवरचे २०५ हा अपघात. आकडा कमी की जास्त हे ठरवण्याआधी त्या ठिकाणी, त्या वेळी तो किती असायला हवा होता हे माहीत असावे लागते.

अंटार्क्टिकवरच्या ओझोन विवराचा शोध १९८५ सालचा. फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी तिथल्या हॅली बे या ब्रिटिश संशोधन केंद्राच्या नोंदींवरून तो जाहीर केला. तिथली घट इतकी मोठी आणि दर वसंतात इतकी ठरलेली, की नुसत्या आलेखावरही ती डोळ्यांत भरते. आर्क्टिकचे तसे नाही. तिथला ध्रुवीय भोवरा, म्हणजे हिवाळ्यात ध्रुवाभोवती फिरणारी थंड, बंदिस्त हवा, नाजूक असतो. एखाद्या हिवाळ्यात तो जानेवारीतच मोडतो, तर एखाद्या वर्षी एप्रिलपर्यंत टिकतो. मोठी घट झालेली वर्षे मोजकीच, आणि त्यांत २०११ व २०२० ठळक.

अडचण

पहिला मसुदा नोव्हेंबरात आला. त्यात उपग्रहाने मोजलेल्या एकूण ओझोनचे, म्हणजे जमिनीपासून वरपर्यंतच्या संपूर्ण स्तंभाचे, दोन आलेख होते: मार्च २०१९ आणि मार्च २०२०. दोन्हींतली वजाबाकी करून खाली लिहिले होते, "ओझोन ऱ्हास". सर खूश होते. आलेख देखणे होतेच.

वजाबाकी बरोबर होती, तिला दिलेले नाव चुकीचे. जानेवारी २०१९ च्या सुरुवातीला आर्क्टिक स्थितांबर एकाएकी तापले. भोवरा आधी ध्रुवावरून सरकला आणि मग फुटला. अशा वर्षी ध्रुवाकडे ओझोन जास्त वाहून येतो आणि रसायनांना तो नष्ट करायला थंडी पुरत नाही. २०२० मध्ये याच्या नेमके उलट घडले: भोवरा भक्कम राहिला, वहन कमी झाले आणि रासायनिक नाशही झाला. म्हणजे दोन वर्षांमधल्या फरकात हवामानाचा वाटा किती आणि ओझोन नष्ट करणाऱ्या क्लोरीनचा किती, हे त्या वजाबाकीतून कळायला मार्ग नव्हता. एरवीही उत्तर युरोपावर दोन-चार दिवस स्तंभ अचानक खाली येतो. खालून तपस्तब्धी, म्हणजे स्थितांबराची तळसीमा, वर उचलली गेली की ओझोनचा थर आडवा पसरतो आणि पातळ होतो. त्यात एकही रेणू नष्ट झालेला नसतो.

दुसरी अडचण उपकरणाची होती. परावर्तित सूर्यप्रकाशावर चालणारे उपग्रह ध्रुवीय रात्रीत आंधळे असतात. सगळा खेळ सुरू होतो त्या डिसेंबर-जानेवारीतच त्यांच्या नकाशावर ध्रुवाभोवती कोरी जागा असते.

म्हणून दोघे ऑरा उपग्रहावरच्या मायक्रोवेव्ह लिंब साउंडरकडे, म्हणजे एमएलएसकडे वळले. जुलै २००४ मध्ये सोडलेला हा उपग्रह वातावरणातून येणारे सूक्ष्मतरंग टिपतो, त्यामुळे त्याला रात्र-दिवस सारखाच. ओझोनबरोबर नायट्रस ऑक्साइड, क्लोरीन मोनॉक्साइड, हायड्रोजन क्लोराइड, नायट्रिक आम्ल, तापमान असे सगळे तो उंचीनुसार देतो. माहिती कोणालाही मोफत मिळते. वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. हे दोघे सुरुवातीला तिथे अर्ज करायच्या बेतात होते, त्याची गरजच पडली नाही.

एमएलएसमधून भोवऱ्याच्या आतला ओझोन ४७५ केल्विन विभव तापमानाच्या (हवा जमिनीलगतच्या दाबाला आणली तर तिचे जे तापमान होईल ते) पातळीवर काढला. ही पातळी साधारण १८-१९ किलोमीटरवर येते. वर्गात सगळे तिला नुसते "थीटा ४७५" म्हणतात. आलेख बघून मुलगी गोंधळली. डिसेंबरपासून तापमान ध्रुवीय ढग तयार होण्याइतके खाली होते, क्लोरीन मोनॉक्साइड वाढत होता, म्हणजे विध्वंसाची तयारी पूर्ण झाली होती. आणि ओझोन मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत जवळजवळ सपाट. मग ऱ्हास झालाच नाही का?

उत्तर मुलाने दिले, आणि तेही मालवणीत. "पंप चालू आसताना बाव भरलेली दिसता, म्हणान पाणी काढलाच नाय काय?" विहिरीला झरे असले की उपसा चालू असतानाही पातळी जागच्या जागी राहते. भोवऱ्यातला झरा वरून असतो. अंधारात हवा उष्णता बाहेर टाकून थंड होत जाते आणि सावकाश खाली उतरते. या उंचीला वर ओझोनचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे खाली येणारी हवा भर घालत राहते. पातळी बघून भागत नाही, भर किती पडली हे वेगळे काढावे लागते. हा परिच्छेद रिपोर्टात घ्या, असे मी कळवले. सरांनी विहीर ठेवली, मालवणी काढली.

समोर असलेले पर्याय

दीर्घकालीन सरासरीतून वजा करणे हा सगळ्यात सोपा मार्ग. त्याचा दोष वर आलाच आहे.

दुसरा मार्ग सगळ्यात सुंदर, आणि त्यांच्यासाठी सगळ्यात अशक्य. १९९१-९२ च्या हिवाळ्यापासून युरोपातल्या शास्त्रज्ञांनी तो वापरला. त्याला मॅच पद्धत म्हणतात. एका ठिकाणाहून फुगा सोडायचा. फुग्याखालच्या ओझोनसाँडमध्ये पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण असते, त्यातून हवा जाते आणि ओझोनच्या प्रमाणात वीज वाहते. मग मोजलेली तीच हवा पुढचे काही दिवस कुठे जाईल याचा मार्ग गणिताने काढायचा, आणि ती दुसऱ्या एखाद्या केंद्रावर पोचेल तेव्हा तिथून दुसरा फुगा सोडायचा. एकाच हवेचे दोनदा मोजमाप झाले की मधल्या उन्हाच्या तासांत किती ओझोन गेला ते थेट मिळते. डझनावारी केंद्रांनी एकमेकांच्या इशाऱ्यावर फुगे सोडायला हवेत. हे काम हिवाळा चालू असतानाच होते, नंतर बसल्या जागी नाही. आपल्याकडेही ओझोनसाँडची परंपरा जुनी आहे. अण्णा मणींनी पुण्यात भारतीय ओझोनसाँड घडवला तो १९६० च्या दशकात. पण आर्क्टिकवर मॅच करायला आर्क्टिकभर केंद्रे लागतात. दोघांनी ही पद्धत मुळातून वाचली, रिपोर्टात एक पान दिले आणि सोडून दिली.

तिसरा मार्ग संगणकी प्रारूपाचा. हिवाळ्याच्या सुरुवातीचा ओझोन प्रारूपात ठेवायचा, वाऱ्यांबरोबर फिरू द्यायचा, पण रसायने बंद ठेवायची. मार्चमध्ये प्रारूपात जो ओझोन उरतो त्यातून प्रत्यक्ष मोजलेला वजा केला की ऱ्हास मिळतो. पद्धत चोख आहे, पण त्यासाठी लागणारी संगणकशक्ती केंद्रात नव्हती. सरांनी एका विद्यापीठातल्या ओळखीच्यांना विचारले. "बघू" असे उत्तर आले आणि ते बघणे चालूच राहिले.

चौथा मार्ग मागोव्याच्या वायूचा. नायट्रस ऑक्साइड खालच्या स्थितांबरात वर्षानुवर्षे टिकतो आणि वर जावे तसा कमी होतो. भोवऱ्यातल्या ढगांशी वा क्लोरीनशी त्याला काही देणेघेणे नसते. हिवाळ्याच्या सुरुवातीला भोवऱ्यातल्या प्रत्येक मापाचा बिंदू काढायचा: आडव्या अक्षावर नायट्रस ऑक्साइड, उभ्यावर ओझोन. बिंदू एका वक्रावर बसतात. पुढे हवा कितीही खाली उतरली तरी दोन्ही वायू बरोबरच उतरतात, म्हणून बिंदू वक्रावरच सरकतात. रसायनांनी ओझोन खाल्ला तर मात्र बिंदू वक्राच्या खाली पडतात. जितके खाली, तितका ऱ्हास. उतरण्याचा वेग वेगळा काढायची गरजच उरत नाही.

चौथा मार्ग ठरला. हा निर्णय योग्य होता असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. मात्र ठरवताना दोघांची समजूत होती की वक्र एकदा काढला की काम संपले. खरे निर्णय त्यानंतर सुरू झाले.

कोणता वक्र?

प्रकल्पाचा सगळा भार या एका प्रश्नावर होता, आणि चार-पाच आठवडे त्यातच गेले.

वक्र हा "ऱ्हास शून्य" असलेल्या स्थितीचा हवा. म्हणजे तो ऱ्हास सुरू होण्याआधी काढला पाहिजे. पण भोवरा पूर्ण बंदिस्त व्हायच्या आधी काढला तर चालत नाही. तोवर बाहेरची हवा आत मिसळत असते. वक्रावरच्या दोन वेगवेगळ्या जागांची हवा मिसळली तर मिश्रणाचा बिंदू वक्रावर बसत नाही, दोन जागांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर बसतो. म्हणजे एकही रेणू न मरता बिंदू वक्रापासून ढळू शकतो. कधी खोटा ऱ्हास दिसतो, तर कधी खरा ऱ्हास झाकला जातो. या पद्धतीवरचा हा जुना आणि रास्त आक्षेप आहे.

बऱ्याच वर्षी या दोन अटींच्या मधे पुरेशी मोकळी जागा मिळते. २०१९-२० ने ती ठेवली नाही. त्या हिवाळ्यात स्थितांबर लवकर थंड झाले आणि ढगांना पोषक तापमान नोव्हेंबरातच आले. नोव्हेंबरअखेरचा वक्र घ्यावा तर भोवरा पुरता मिटलेला नाही, जानेवारीचा घ्यावा तर क्लोरीन कामाला लागलेला.

सर म्हणाले, नोव्हेंबर घ्या, सुरुवात ती सुरुवात. मुलीला डिसेंबरचा मध्य हवा होता. तिची मांडणी अशी: ढगांच्या कणांवर क्लोरीन नायट्रेट आणि हायड्रोजन क्लोराइड यांची प्रक्रिया होऊन क्लोरीन वायू सुटतो, हे अंधारातही होते. पण त्या क्लोरीनने ओझोन फोडायचा तर ऊन लागते. क्लोरीन मोनॉक्साइडचे दोन रेणू जोडून जे संयुग बनते ते प्रकाशानेच तुटते, आणि तेव्हाच चक्र पुढे फिरते. डिसेंबरच्या मध्याला भोवऱ्याचा बहुतेक भाग ध्रुवीय रात्रीत असतो. बंदूक भरलेली असली तरी चाप ओढलेला नाही. भोवऱ्याची कड दक्षिणेला उन्हात आली तर थोडा ऱ्हास होईल, पण तो थोडाच.

युक्तिवाद पटण्याजोगा होता. तरी नुसत्या युक्तिवादावर तारीख ठरवू नका, असे मी कळवले. शेवटी तिघांत ठरले ते असे: डिसेंबरचा मध्य मुख्य तारीख धरायची, आणि तोच हिशोब नोव्हेंबरअखेर व जानेवारीची सुरुवात या दोन तारखांवरूनही करून तिन्ही उत्तरे शेजारीशेजारी छापायची. पानांची मर्यादा असल्यामुळे सर कुरकुरले. त्यासाठी प्रस्तावनेतले ओझोन थराचे महत्त्व दोन पानांनी कापावे लागले. त्याने कोणाचे काही बिघडले नाही.

भोवऱ्याची कड

पहिल्या हिशोबात ६५ अंश उत्तरेच्या वरचे सगळे भोवऱ्याच्या आत धरले होते. २०२० मध्ये हे फार खटकत नाही, कारण तो भोवरा बऱ्यापैकी ध्रुवावर बसलेला होता. पण तुलनेला २०१९ घेतल्यावर वर्तुळ कोसळले. फुटलेल्या भोवऱ्याचे दोन तुकडे वर्तुळाच्या आत-बाहेर फिरत होते आणि सरासरीत निम्मी हवा बाहेरची येत होती.

रूढ पद्धत म्हणजे पोटेन्शियल व्हॉर्टिसिटीचा, म्हणजे हवेच्या फिरकीच्या एका मापाचा, उतार जिथे सर्वात तीव्र ती भोवऱ्याची कड. त्यासाठी पुनर्विश्लेषणाची, म्हणजे नोंदी आणि हवामान प्रारूप जुळवून तयार केलेली, माहिती लागते, आणि तिच्या फायली एमएलएसच्या मानाने अजस्र. केंद्रातले इंटरनेट पावसापाण्याच्या भरवशाचे. मुलाने सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जाऊन मोबाइलच्या रेंजवर डाउनलोड चालवले. पूर्ण फायली न घेता सर्व्हरवरच हव्या त्या पातळ्या आणि अक्षांश कापून घेता येतात, हे त्याला बऱ्याच उशिरा कळले. ते कळल्यावर आठवड्यांचे काम एका रात्रीवर आले.

मधे एक सोपी पळवाट सुचली होती: नायट्रस ऑक्साइड कमी तो भाग भोवऱ्याचा. तिचा मोह सोडला हे बरे झाले. ज्या वायूवर हिशोब उभा, त्यानेच बिंदू निवडले की उत्तर आधीच ठरल्यासारखे होते.

उणे आकडे

ही गोष्ट छोटी आहे, पण अशा प्रकल्पांत नेमकी इथेच माती होते. एमएलएसच्या फायलीत नायट्रस ऑक्साइडची काही मापे शून्याच्या खाली होती. मुलाने ती सगळी गाळली, वायू उणे असूच शकत नाही म्हणून. बरोबरच आहे, वायू उणे नसतो. पण मापनात गोंगाट असतो. खरे प्रमाण शून्याजवळ असले की गोंगाट कधी वर नेतो, कधी खाली. खालचे तेवढे फेकले तर सरासरी वर सरकते आणि वक्राचा एक टोकाकडचा भाग वाकतो. एमएलएसच्या मार्गदर्शिकेत हे स्पष्ट सांगितलेले आहे. गाळायचे ते फायलीतल्या स्थिती, गुणवत्ता आणि कन्व्हर्जन्स (गणित एका उत्तरावर स्थिरावले का) यांच्या खुणा बघून, चिन्ह बघून नव्हे. फरक लक्षात आला तो मुलीने स्वतंत्रपणे काढलेला वक्र त्याच्या वक्राशी जुळेना तेव्हा. दोघांनी एकच काम वेगवेगळे करायचे हा सरांचा थिन फिल्ममधला जुना नियम होता. तो इथे कामाला आला.

आणखी एक गाठ २०११ च्या तुलनेत पडली. नायट्रस ऑक्साइड सूक्ष्मतरंगांच्या ज्या पट्ट्यातून एमएलएस आधी मोजत असे तो भाग २०१३ मध्ये निकामी झाला, त्यानंतर दुसऱ्या पट्ट्यावर काम चालते. म्हणून २०११ आणि २०२० साठी एकाच पट्ट्याचे माप घ्यावे लागते, नाहीतर उपकरणातला बदल आर्क्टिकच्या नावावर चढतो.

निकाल

रिपोर्ट एप्रिलमध्ये गेला. तो ऐन हापूसचा हंगाम. मुलीच्या घरी पेट्या भरायची घाई आणि ती रात्री आलेख भरतेय, असा महिना.

प्रकल्पाचे स्वतःचे आकडे मी इथे देत नाही. ते परीक्षेसाठी केलेले, कोणी तपासून न घेतलेले आहेत. त्यांतून काय दिसले ते सांगतो. तिन्ही संदर्भ तारखांनी २०२० च्या ऱ्हासाची तीन वेगवेगळी उत्तरे दिली आणि त्यांतला फरक दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. जानेवारीच्या वक्राने ऱ्हास कमी दाखवला. त्याआधी गेलेला ओझोन त्या वक्रातच मुरलेला होता, म्हणून ते अपेक्षितच होते. पण वर्षांचा क्रम कोणत्याही तारखेने बदलला नाही. २०२० आणि २०११ पुढे, २०१९ फार मागे.

प्रसिद्ध संशोधनात २०२० च्या वसंतात १८ किलोमीटरच्या आसपास काही ठिकाणी ९० टक्क्यांहून अधिक ओझोन गेल्याचे नोंदले आहे. फुग्यांनी तिथे ०.१३ पीपीएमइतके कमी प्रमाण मोजले. या दोघांचा ऱ्हास त्याहून कमी आला. मुलगा नाराज होता, कुठेतरी चूक आहे असे धरून बसला होता. ऱ्हास कमी येण्याची कारणे सरळ होती. त्यांचे माप संपूर्ण भोवऱ्याच्या सरासरीचे, तर ते आकडे सर्वात वाईट जागेचे. एमएलएस एका मापात सुमारे तीन किलोमीटर जाडीचा ओझोन एकत्र बघतो, त्यामुळे पातळ थरातला खड्डा त्याला उथळ दिसतो. शिवाय त्याची कक्षा ८२ अंशांच्या पलीकडे जात नाही आणि त्या वर्षी भोवऱ्याचा गाभा ध्रुवाजवळ होता.

त्याहून अवघड निर्णय स्तंभाचा. सरांना "एकूण इतके डॉब्सन एकक नष्ट" असे एक वाक्य हवे होते, निष्कर्षात तेच शोभते म्हणून. त्यासाठी सगळ्या थरांचा ऱ्हास जोडावा लागतो. पण खाली जावे तसे एमएलएसचे नायट्रस ऑक्साइड भरवशाचे राहत नाही, आणि २०२० मधला बराचसा ऱ्हास खालच्याच थरांत झालेला. मुलीने एकूण स्तंभ द्यायला नकार दिला. जिथपर्यंत माप टिकते तिथवरचाच आंशिक स्तंभ छापला आणि मर्यादा आलेखावरच लिहिली. निष्कर्षातले वाक्य लांबले.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमके तेच विचारले: "एवढं केलंत, तर एक आकडा सांगा ना." तिने तीन सांगितले आणि प्रत्येकाची तारीख सांगितली. परीक्षक म्हणाले, मग मोजमाप कुठे झाले? यावर ती म्हणाली, "सर, ओझोन मोजलाय. ऱ्हास मोजता येत नाही, तो काढावा लागतो." गुण चांगले मिळाले. सर्वोत्तम प्रकल्पाचे बक्षीस मात्र थिन फिल्मला गेले.

काय वेगळे करता आले असते

क्रम बदलायला हवा होता. २०१९ चा हिशोब त्यांनी शेवटी, तुलनेसाठी केला. तो सर्वात आधी करायचा. त्या वर्षी रासायनिक ऱ्हास थोडाच झाला, पण भोवरा फुटल्यामुळे मिसळण भरपूर. पद्धत त्या वर्षात जेवढा ऱ्हास दाखवेल त्यातला बराच भाग खोटा, हे तिथेच समजले असते, आणि २०२० च्या आकड्याला किती चूक चिकटलेली आहे याचा अंदाज डिसेंबरातच हाती आला असता. प्रत्यक्षात तो मार्चअखेर आला आणि रिपोर्टात परिशिष्टात गेला.

उभ्या दिशेची तपासणी राहूनच गेली. स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंदला, जिथे २००८ पासून भारताचे हिमाद्री स्थानक आहे, तिथे जर्मन शास्त्रज्ञ १९९० च्या दशकापासून नेमाने ओझोनसाँड सोडतात. त्या नोंदींतले चार-पाच फुगे भोवऱ्याच्या आतले निवडून एमएलएसशेजारी ठेवले असते, तर तीन किलोमीटरच्या जाडीत किती खड्डा बुजतो ते दिसले असते. सरांच्या मते वेळ नव्हता. माझ्या मते वेळ होता. डाउनलोडच्या भानगडीत जो गेला त्याच्या निम्म्यात हे झाले असते.

एका बाबतीत आमचे अजूनही एकमत नाही. सरांचे म्हणणे, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तीन तारखांचा घोळ देण्यापेक्षा एक वक्र, एक उत्तर आणि खाली मर्यादांची यादी एवढे पुरे. परीक्षेच्या चौकटीत त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. वेळ थोडा, पाने मोजकी, परीक्षक घाईत. पण मर्यादांची यादी कोणीच वाचत नाही. तारीख बदलल्यावर आकडा हललेला दिसला की तो विसरता येत नाही, आणि पुढच्या वेळी कुठेही "इतका टक्के ओझोन नष्ट" असे वाचले की पहिला प्रश्न सुचतो: कशाच्या मानाने?

पुढच्या बॅचमधल्या एकाने हाच विषय घेतला आहे. प्रोग्राम केंद्राच्या संगणकावर आहे, उणे आकडे न गाळण्याची सूचना पहिल्याच ओळीत लिहिलेली आहे. त्याने यंदा २०१९ पासून सुरुवात केली असून सड्यावर जायची पाळी अजून आलेली नाही. जिन्यातल्या भित्तीपत्रकावर २०५ च्या पुढे "ऱ्हास" हा शब्द अजून तसाच आहे.